भिंतीकडे बघून हसणारी आई

आमची एका खोलीत सहा माणसं. वडील मार्केट यार्डात हमाल, आई चार घरची धुणीभांडी करायची. खोलीत दिवा एकच. त्याच उजेडात स्वयंपाक व्हायचा आणि भांडणंही व्हायची. अभ्यासाला मी वस्तीतल्या विहारात जाऊन बसायचो. तिथे ट्यूब होती आणि कुणी ऊठ म्हणत नसे. त्या बदल्यात मी विहार झाडायचो. दर पौर्णिमेच्या वंदनेनंतर टेबलावर गोठलेलं मेण पत्र्याच्या तुकड्यानं खरवडून काढणं, हेही माझंच काम. असं करत मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात पदवी मिळवलेला पहिला माणूस मी. हे लिहिताना आजही माझी मान ताठ होते, आणि ते लपवायचं मला कारण दिसत नाही.

पण त्या पदवीबरोबर माझ्या डोक्यात एक खूळही शिरलं होतं. शिकलेला माणूस खोटं बोलत नाही, असं मला मनापासून वाटायचं. ते खूळ ज्या प्रकरणात उतरलं, त्याचा कागद न् कागद मला अजून पाठ आहे. नावं कुणाचीच लिहीत नाही. त्यातली काही माणसं हयात आहेत.

तेव्हा मी शहराच्या दक्षिणेकडच्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. हिंजवडीला कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. आमच्या हद्दीत भाड्यानं राहणारी पोरं सकाळी गळ्यात ओळखपत्रं अडकवून कंपनीच्या बसची वाट बघत उभी असायची. मोबाईल खिशात आले होते, पण त्यात अजून कॅमेरे नव्हते. ठाण्यात एक टाईपरायटर होता आणि त्याचा ‘र’ उमटत नसे.

एका सकाळी हजेरी आटोपली आणि वरिष्ठ निरीक्षकांनी मला बोलावून एक अर्ज हातात ठेवला. अर्जदार एक मोठे सरकारी अधिकारी होते. त्यांचा धाकटा भाऊ हिंजवडीत सॉफ्टवेअर इंजिनिअर होता. चार महिन्यांपूर्वी कात्रजच्या घाटात मोटारसायकल घसरून तो गेला. आता एक परिचारिका आपण त्याची पत्नी असल्याचं सांगत होती. लग्न लागल्याचं विहाराचं प्रमाणपत्र तिनं दाखवलं होतं. ते बनावट आहे, सबब फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दाखल करावा, अशी अर्जदाराची विनंती होती.

“आधी चौकशी करा, मग गुन्हा,” साहेब म्हणाले. “मेलेल्याला बायको किती होत्या हे मेलेला सांगत नाही. बाकी सगळे सांगतात.”

साहेब मूळचे पेठेतले. त्यांचं नेहमीचं बोलणंही असंच असायचं.

मी महिला शिपायामार्फत त्या परिचारिकेला बोलावून घेतलं. ड्युटी संपवून ती तशीच आली होती. तिशीची, बारीक अंगाची, बोलणं सरळ विदर्भातलं. पहिला नवरा लग्नानंतर दोन वर्षांत वारला, म्हणून नर्सिंग शिकून ती पुण्यात आली होती. कावीळ झालेला हा मुलगा तिच्या वॉर्डात दहा दिवस होता. पुढे वर्षभरानं लग्न झालं. एका वस्तीतल्या विहारात, सासरच्याच मोजक्या माणसांसमोर. दीर होते, सासू होत्या. फोटोवालाही दिरांनीच ठरवला होता.

मी विचारलं, मग फोटो कुठे आहेत?

ते सासरीच राहिले, असं ती म्हणाली. दोघं धनकवडीत भाड्याच्या खोलीत राहत होते. नवरा दर रविवारी आईकडे जायचा आणि दर रविवारी फोटो आणायचे विसरायचा. लग्नाची नोंदणी करायला गेले, तर तिथेही लग्नाचा फोटो मागितला. पुढच्या रविवारी आणू, असं ठरलं. असे आठ महिने गेले आणि मग तो गेला. विहारात लग्न लावणारे बौद्धाचार्यही त्याच सुमारास वारले होते. म्हणजे तिच्याकडे साक्षीला एक कागद होता आणि त्यावर सही करणारा माणूस हयात नव्हता.

जबाब लिहून घेताना मी जरा कडक आवाजात म्हणालो, की बाई, मृताच्या नावावर फ्लॅट आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

ती म्हणाली, “फ्लॅट त्यायलेच राहू द्या जी. मले त्यायच्यासंगचा माझा फोटो पाहिजे. माझ्यापाशी एकही नाही. स्टुडिओत जाऊ, जाऊ म्हणत होतो आम्ही. तो चेहरा मले आता डोळे मिटले का नीट दिसत नाही, साहेब. नाक दिसते, तर डोळे हरपते.”

मी ते जबाबात लिहिलं नाही. चौकशीशी संबंध नाही, असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी अर्जदार स्वतः आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, फाईलला अनुक्रमणिका. वडीलही सरकारी सेवेत होते, असं त्यांनी सांगितलं. घरातली पुस्तकांची कपाटं, धाकट्याचे मार्क, सगळं सांगितलं. वस्तीत मेण खरवडत शिकलेल्या माझ्यासारख्याला हे घर म्हणजे आपल्या माणसांनी कुठवर पोचावं त्याचा नमुनाच वाटला. खरं सांगतो, मी खुर्चीत जरा सावरून बसलो.

ते म्हणाले, “दोघं एकत्र राहत होते, हे आम्ही नाकारत नाही. लग्न झालं नव्हतं. तिनं सांगितलेल्या तारखेला आम्ही विहारात होतो हेही खरं. भावाला नवीन नोकरी लागली, म्हणून वंदना ठेवली होती. हा त्याचा फोटो. आपण सुशिक्षित अधिकारी आहात. आपणच बघा यात नवरी कुठे आहे.”

मी बघितलं. विहाराची पांढरी भिंत, मधे बुद्धमूर्ती, मूर्तीपुढे टेबल. डावीकडे अर्जदार, त्यांच्या शेजारी त्यांची आई, मग पांढऱ्या सदऱ्यातला धाकटा. त्याच्या पलीकडे टेबलाचं टोक आणि भिंत. कुणाच्याही गळ्यात हार नव्हता. नवरी तर नव्हतीच.

मला एवढं पुरेसं वाटलं. त्याच संध्याकाळी मी अहवालाचा मसुदा लिहायला घेतला. सदर महिलेचं कथन संशयास्पद वाटतं, असं पहिलं वाक्य मी लिहिलं. ते पान मी पुढे बरीच वर्षं जपून ठेवलं होतं. नवीन फौजदारांना दाखवायला.

मसुदा साहेबांकडे जायच्या आधीच ठाण्याचा फोन वाजला. ठाणे अंमलदारानं माझ्या हातात रिसीव्हर दिला. मागे रस्त्याची वर्दळ ऐकू येत होती, म्हणजे फोन टेलिफोन बूथवरून होता. म्हातारा, दमलेला, बाईचा आवाज.

“तुमच्याकडं विहारातला फोटो दिलाय ना,” त्या म्हणाल्या. “त्यातली म्हातारी कुणाकडं बघून हसतीय, ते विचारा की.”

मी नाव विचारलं. फोन ठेवला गेला.

मी फोटो परत काढला. खरंच, त्यातल्या सगळ्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे होतं, फक्त आईचं नव्हतं. त्या किंचित पुढे वाकल्या होत्या आणि मुलाच्या छातीसमोरून पलीकडे बघत होत्या. तोंडावर हात अर्धा आलेला. हसू आवरत नाही तेव्हा बायका करतात तसा. आणि पलीकडे फक्त चुन्याची भिंत होती. भिंतीकडे बघून असं कुणी हसत नाही.

मी अर्जदारांना फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं. ते शांतपणे म्हणाले, की आईचं वय झालं आहे, ती कुठेही बघते. उत्तर बरोबर होतं. फक्त फार लवकर आलं.

मग मी बोटांचे ठसे बघायचं भिंग घेतलं आणि फोटोवर इंचाइंचानं फिरवलं. धाकट्याच्या खांद्याशी काही नाही. भिंतीवर काही नाही. टेबलापाशी आलो आणि थांबलो. टेबलावर पाच मेणबत्त्या होत्या. डावीकडच्या तीन जळून अर्ध्यावर आलेल्या, खाली मेणाचं थारोळं. उजवीकडच्या दोन, जिथे नवरी उभी राहिली असती त्या बाजूच्या, जवळजवळ कोऱ्या.

दुसऱ्या कुणाला यात काही दिसलं नसतं. मी मात्र सात वर्षं तसलंच टेबल खरवडलं होतं. वंदनेच्या मेणबत्त्या एकाच पुड्यातून निघतात, एकदम लावतात आणि एकदमच खाली येतात. दोन बोटांचा फरक पडतो, अर्ध्या मेणबत्तीचा पडत नाही.

मसुदा लिहून झाल्याचं सांगून मी साहेबांना फोटोतल्या त्या मेणबत्त्या दाखवल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो नाकाशी नेला.

“पंख्यानं दोन विझल्या, म्हणून नव्या लावल्या. वकील हेच म्हणेल,” ते म्हणाले.

मी म्हणालो, तसं असेल. पण हा फोटो कुणी काढला, एवढं तरी बघू द्या.

“बघा. अहवाल लिहून झाल्यावर चौकशी करणारे फौजदार मी पहिल्यांदाच पाहतोय.”

फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का होता, तो कुणीतरी घासून काढला होता. पण कागदावर कलर लॅबच्या यंत्रानं छापलेला बारीक आकडा राहिला होता. शहरातल्या तीन लॅब मी फिरलो. तिसरीत नोंदवही काढली आणि त्या आकड्यासमोर सातारा रस्त्यावरच्या एका स्टुडिओचं नाव मिळालं.

स्टुडिओचा मालक पन्नाशीचा, कपाळावर उभं गंध, बोलणं मोजकं. नवीन डिजिटल कॅमेरा आणि कॉम्प्युटर घेतल्याची पाटी त्यानं दारावर लावली होती. ‘मिक्सिंग करून मिळेल’ अशी ओळ खाली. मी साध्या कपड्यांत गेलो होतो, पण त्यानं माझे बूट बघितले आणि ओळखलं. फोटो समोर ठेवल्यावर म्हणाला, की असे शेकडो फोटो काढतो, लक्षात राहत नाहीत. त्यात काही फेरफार आहे का, विचारलं तर म्हणाला, छे.

अशा वेळी आवाज चढवून उपयोग नसतो. कारागिराला मार सहन होतो, नाव ठेवलेलं सहन होत नाही, हे मी तोवर शिकलो होतो. मी फोटो उचलला, खिशात ठेवता ठेवता म्हणालो, की मला वाटलंच, आपल्या स्टुडिओचं काम नसणार. फार कच्चं काम आहे.

“कच्चं?” तो म्हणाला. “कुठे कच्चं आहे, दाखवा.”

“भिंतीवर जोड दिसतो.”

“अहो, जोड दिसेलच कसा? कापलंच नाही तर!” आणि मग तो थांबला. पण सुटलं ते सुटलं.

मी स्टूल ओढून बसलो. त्यालाही बसायला सांगितलं. चहा त्याच्याच दुकानाच्या नावावर मागवला. निम्मा चहा झाल्यावर तो बोलायला लागला, आणि बोलायला लागल्यावर त्याला ते काम दाखवल्याशिवाय राहवेना. कॉम्प्युटर सुरू करून त्यानं दोन फोटो शेजारी शेजारी उघडले. दोन्ही त्याच विहारातले, त्याच जागेवरून काढलेले. कॅमेरा तिवईवर होता, जागचा हलला नव्हता. एकात माणसं होती. दुसऱ्यात नुसती भिंत, मूर्ती आणि टेबल. माणसं उभी करायच्या आधी उजेड बघायला काढलेला.

तो समजावून सांगत होता आणि मी ऐकत होतो. पांढरी साडी, पांढरी भिंत. बाईच्या कडेकडेनं कापलं असतं, तर कडा उघड्या पडल्या असत्या. म्हणून त्यानं तिच्याभोवती नुसती चौकट आखली. ती रिकामी चौकटच ओढून दुसऱ्या फोटोवर नेली. दोन्ही फोटो एकाच मापाचे, त्यामुळे शिफ्टचं बटण दाबून ठेवलं की चौकट त्याच जागी बसते. तिथली भिंत त्या मापानं उचलायची, परत पहिल्या फोटोत आणायची आणि बाईवर ठेवायची. माप तेच, जागा तीच.

“केसाचाही फरक नाही,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि खरं तर तो रास्त होता.

मी पडद्यावर बोट ठेवलं. “आणि या दोन मेणबत्त्या?”

तो पुढे वाकला. रिकामा फोटो वंदनेच्या सुरुवातीचा होता, माणसांचा फोटो पाऊण तासानं काढलेला. चौकटीबरोबर भिंत आली होती आणि तो पाऊण तासही आला होता. त्यानं चष्मा काढून डोळे चोळले.

“हे लक्षात नाही आलं बुवा,” तो म्हणाला.

मी विचारलं, एवढं करताना मनात काही आलं नाही का? त्यानं खांदे उडवले. असं काम महिन्याला एखादं येतंच, म्हणाला. कुणाला जावई काढायचा असतो, कुणाला सून. कारण विचारत बसलो तर दुकान कोण चालवणार. पण मूळ फोटो तो कधीच पुसत नसे.

“भांडणं मिटली की हीच माणसं परत येतात, आणि तोच फोटो मागतात,” त्यानं सांगितलं आणि ड्रॉवरमधून एक सीडी काढली.

सीडीवर एकवीस फोटो होते. त्यानं एक उघडला. मघाचाच, पण पूर्ण. धाकट्याच्या शेजारी ती उभी होती. पांढरी साडी, खाली घातलेली मान, आणि एका हातानं पदराची पिन धरलेली. पिन उघडली असावी. तेच बघून सासू हसत होत्या. पुढच्या फोटोत पिन लावायला सासूच वाकल्या होत्या. त्याच्या पुढच्यांत हार होते, आणि टाळ्या वाजवणारे अर्जदारही होते.

मी दोन पंच बोलावले, रीतसर पंचनामा केला, सीडी आणि कॉम्प्युटर जप्त केला. मालकाचा जबाब साक्षीदार म्हणून घेतला. हे काम स्वतः अर्जदारांनीच आणून दिलं होतं, हे त्यानं त्यात सांगितलं.

अर्जदारांना ठाण्यात बोलावून मी तो फोटो टेबलावर ठेवला. त्यांनी फाईल उघडली, परत बंद केली. पाणी मागितलं. मी त्यांना एकच प्रश्न विचारला, आणि तो अधिकारी म्हणून नव्हता. लग्नाला तुम्ही स्वतः उभे होता, मग हे का?

ते हळू आवाजात म्हणाले, “आमच्या घरात असल्या गोष्टी मानत नाहीत. पण तिचा पहिला नवरा दोन वर्षांत गेला. आमचा आठ महिन्यांत. ही बाई आमच्या घरातली म्हणून राहायला नको होती मला. फोटोतसुद्धा.”

पुस्तकांची कपाटं असलेल्या घरातला हा माणूस होता. माझ्या आईला अक्षर येत नव्हतं, पण असलं बोलणं तिनं दारात उभं राहू दिलं नसतं.

त्यांच्या आईचा जबाब घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. त्या दाराशीच बसल्या होत्या. “हो, लग्न झालं. मी होते,” एवढंच म्हणाल्या, आणि त्या दोन वाक्यांत मला फोनवरचा आवाज ओळखू आला. ओळखल्याचं मी दाखवलं नाही. कागद पुढे केला, त्यांनी सही केली. निघताना त्यांनी विचारलं, ती जेवतबिवत असते ना वेळेवर? थोरल्याच्या घरात राहायचं म्हणून मी गप्प बसले, असंही म्हणाल्या. फोन कुणाचा होता हे मी तपासाच्या कागदात कुठेच लिहिलं नाही. आज त्या नाहीत, म्हणून इथे लिहितो.

सीडी न्यायालयात जाणार होती. त्याआधी त्या एका फोटोची वेगळी प्रत काढून परिचारिकेला द्यावी, असं मी साहेबांना विचारलं.

“नियमात बसतं का?”

“नाही बसत, साहेब.”

“मग मला विचारलंच नाहीत तुम्ही,” असं म्हणून ते दुसऱ्या फाईलवर सही करायला लागले.

ओळख पटवण्यासाठी तिला बोलावलं तेव्हा मी ती प्रत तिच्या हातात दिली. ती उभीच होती. खुर्ची दिली तरी बसली नाही. आधी तिनं नवऱ्याच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला, कागदाला न टेकवता, वरच्यावर. बाहेर अंमलदार कुणावर तरी ओरडत होता, ते थांबलं.

“हे कॅमेऱ्याकडंच पाहून राहिले,” ती म्हणाली. “मले वाटलं होतं, माझ्याकडं पाहत असतीन.” मग म्हणाली, “पण आई पाहून राहिल्या माझ्याकडं. हे मले माहीतच नव्हतं जी. माझी मान खाली होती.”

मग ती खुर्चीवर बसली आणि रडली. महिला शिपाई पाणी घेऊन आली. मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिलो.

या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली माझ्याबद्दल. मी कष्टानं पदवी घेतली, म्हणून पदवीवाल्या माणसाला आधीच निम्मे मार्क देऊन मोकळा झालो होतो. त्या बाईनं फोटो मागितला ते मी जबाबात लिहिलं नाही, आणि खरं तर सगळं प्रकरण त्याच वाक्यात होतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, समोरचा माणूस जे मागतो ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, हा माझा शिरस्ता राहिला. दुसरी गोष्ट तपासाची. कॉम्प्युटरनं भिंतीची भिंत उचलता येते, पण त्या क्षणी तिथे उभी असलेली माणसं कुणाकडे बघत होती, हे कुणी पुसायला गेलं तर सगळ्यांनाच पुसावं लागतं. तेवढं धाडस त्या भावातही नव्हतं. आईला त्यानं फोटोत ठेवलं.

अर्जदारावर खोटा पुरावा तयार केल्याचा खटला चालला. ते प्रकरण लांबलं आणि माझी बदली झाली, पण परिचारिकेनं दिवाणी न्यायालयात केलेल्या दाव्यात साक्षीला मी आलो. स्टुडिओवाला आला. सासूही आल्या, थोरल्या मुलाच्या गाडीतून न येता रिक्षानं आल्या. साक्ष झाल्यावर त्या सुनेच्या शेजारी बाकावर जाऊन बसल्या, आणि परत जाताना दोघी एकाच रिक्षानं गेल्या.

फ्लॅटवर तिनं शेवटपर्यंत हक्क सांगितला नाही. निकालाची नक्कल तिनं मला टपालानं पाठवली. तिसऱ्या पानावर तिचं नाव आहे, आणि नावापुढे लिहिलं आहे: मयताची कायदेशीर पत्नी.